पेन्शनची तडजोड आणि संघटनेतला वाद: दोन कागद वेगळे ठेवा

पत्र

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. 2009 साली शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे मानधनावर लागलो, 2012 साली नियमित झालो. वय 41. सगळी नोकरी आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस या वर्गणीवर चालणाऱ्या पेन्शन योजनांमध्ये गेली. 2023 च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संघटनेने आम्हाला संपावर नेलं आणि सातव्या दिवशी माघारी बोलावलं. आता नेते म्हणतात, वेतनाच्या 50 टक्के पेन्शनची हमी मिळाली, लढा जिंकला, नव्या योजनेचा विकल्प भरून टाका. तालुक्यातले निम्मे सभासद चिडले आहेत. काहींनी वर्गणी बंद केली, काही जण राजीनामा देऊन वेगळी संघटना काढायच्या बेतात आहेत. जिल्ह्याच्या सभेत प्रश्न विचारला की माईक काढून घेतात. माझ्या शाळेतल्या मॅडम वयाच्या 34 व्या वर्षी नोकरीला लागल्या, त्या तर फारच धास्तावल्या आहेत. मी विकल्प भरू का? संघटना सोडू का? आणि नेत्यांना जाब विचारायचा तर कसा?

उत्तर

सर, तुमची वर्गणी थकली असेल तर आधी ती भरा आणि पावती घ्या. रागाने वर्गणी बंद केलेल्या सहकाऱ्यांनाही हेच सांगा. बहुतेक शिक्षक संघटनांच्या घटनेत मत देण्याचा, सभेची मागणी करण्याचा आणि पदासाठी उभं राहण्याचा हक्क फक्त चालू वर्गणीदाराला असतो. नाराज सभासद वर्गणी थांबवतात तेव्हा नेतृत्वाच्या विरोधातली मतं आपोआप यादीतून गळतात, आणि पुढच्या अधिवेशनात तेच पदाधिकारी बिनविरोध निवडून येतात. राजीनाम्याचंही तेच. सामूहिक राजीनाम्याची बातमी एक दिवस चालते. त्यानंतर राजीनामा दिलेल्यांना संघटनेकडे साधा हिशेब मागायचाही अधिकार उरत नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. विकल्पाच्या अर्जावर सही तुमची असते, तो तुमच्या सेवापुस्तकाशी जोडला जातो आणि त्याचे परिणाम तुम्ही आणि तुमचं कुटुंब निवृत्तीनंतर आयुष्यभर भोगणार असता. तो अर्ज कोणताही अध्यक्ष तुमच्या वतीने भरू शकत नाही. संघटनेच्या ठरावाचा कागद मात्र सगळ्यांचा. कुणाच्या परवानगीने मागणी सोडली, पुढे काय मागायचं, कुणी मागायचं, हे तिथे ठरतं. नेत्यांवरच्या रागापोटी काही जण विकल्पाचा अर्ज फाडून टाकतात, आणि काही जण नेत्यांवरच्या विश्वासापोटी तो न वाचताच सही करतात. दोघांचंही नुकसान होतं. म्हणून विकल्प आकडे मांडून ठरवा आणि संघटनेतला वाद घटनेच्या कलमांवर लढवा.

आधी आकडे. त्याशिवाय नेत्यांना विचारायचे प्रश्नही नेमके होणार नाहीत.

राज्यात 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्यांना 1982 च्या निवृत्तीवेतन नियमांतली जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आली, म्हणजे डीसीपीएस, आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. 2023 चा संप 14 मार्चला सुरू झाला आणि 20 मार्चला मागे घेतला गेला. हातात आली ती तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची अभ्यास समिती. त्याच महिन्याच्या 31 तारखेच्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांना कुटुंब निवृत्तीवेतन आणि उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) लाभ दिला गेला. ज्या घरातला कमावता माणूस सेवेत असताना जातो त्या घराला याचं मोल विचारा. ही मिळकत लहान नाही. 2024 च्या मार्चमध्ये राज्याने सुधारित राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना जाहीर केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत योजना, म्हणजे यूपीएस, स्वीकारण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. सभांमध्ये या दोन्ही योजना एकाच दमात सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं ते फक्त ‘50 टक्के’. तुमचा विकल्प नेमका कोणत्या योजनेचा आहे ते अर्जाच्या शीर्षकावरून आणि त्यातल्या शासन निर्णयाच्या क्रमांकावरून आधी नक्की करा.

केंद्राच्या एकीकृत योजनेचं सूत्र घेऊन बघू. समजा, निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन 80,000 रुपये आहे. जुन्या पेन्शनमध्ये 40,000 अधिक महागाई वाढ. एकीकृत योजनेतही वरवर 40,000 अधिक महागाई वाढ. पण या 40,000 ला चार अटी चिकटलेल्या आहेत आणि भांडायची जागा तिथे आहे.

पहिली अट सेवेची. पूर्ण 50 टक्क्यांसाठी किमान 25 वर्षं, म्हणजे 300 महिने सेवा लागते. कमी असेल तर त्या प्रमाणात कपात. तुम्ही 2012 पासून मोजलं तरी 58 व्या वर्षापर्यंत तुमची सुमारे 30 वर्षं होतात, त्यामुळे तुम्हाला याची झळ नाही. तुमच्या शाळेतल्या मॅडमचं गणित वेगळं. 34 ते 58 अशी त्यांची 24 वर्षं, म्हणजे 288 महिने: 40,000 चे 38,400 होतात. आणि शिक्षणसेवकपदाची 3 वर्षं हिशेबात धरली नाहीत तर 252 महिने उरतात: 33,600. तीन वर्षांच्या त्या एका ओळीवर महिन्याला 4,800 रुपये, शिवाय त्यावरची महागाई वाढ, आयुष्यभर. नेत्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: शिक्षणसेवकाचा कालावधी या योजनेत धरला जाणार का, आणि धरला जाणार असेल तर ते कोणत्या कागदावर लिहिलं आहे?

दुसरी अट वेतनाची. एकीकृत योजनेत शेवटच्या 12 महिन्यांच्या मूळ वेतनाची सरासरी धरतात. वेतनवाढ जुलैत झाली आणि निवृत्ती डिसेंबरअखेर असेल, तर निम्मे महिने जुन्या वेतनाचे येतात. 77,700 आणि 80,000 ची सरासरी 78,850, तिची निम्मी 39,425. फरक थोडा आहे. माहीत असू द्या, पण यावर सभेचा वेळ घालवू नका.

तिसरी अट सर्वांत धोक्याची आणि तिच्याविषयी सभांमध्ये सर्वांत कमी बोललं जातं. एकीकृत योजनेत हमीची रक्कम पूर्ण मिळायची तर तुमच्या खात्यातली संचित रक्कम ठरवून दिलेल्या मानक रकमेइतकी असावी लागते. प्रत्येक महिन्याची तुमची आणि सरकारची वर्गणी वेळेवर भरली गेली असती तर जी रक्कम झाली असती, ती मानक रक्कम. तुमच्या खात्यात तिच्या 92 टक्केच जमा असतील, तर 40,000 च्या जागी 36,800 मिळतील, किंवा तूट स्वतः भरून काढावी लागेल. आता डीसीपीएसची सुरुवातीची वर्षं आठवा. पगारातून कपात झाली, पण खातं उघडलेलं नव्हतं. बदली झाली आणि पंचायत समितीत नोंद मागे राहिली. सरकारी हिस्सा उशिरा आला, व्याज लागलंच नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांमध्ये असे महिने नसलेला माणूस शोधावा लागतो. तुटलेल्या नोंदींची चूक कार्यालयाची आणि कपात मात्र तुमच्या पेन्शनमध्ये, असं होऊ द्यायचं नसेल तर ‘विकल्पाआधी हिशेबपूर्ती’ ही मागणी तुमच्या यादीत वर हवी.

चौथी अट कुटुंबाची. ‘60 टक्के कुटुंब पेन्शन’ ऐकून टाळ्या पडतात. हे 60 टक्के पेन्शनचे आहेत: 40,000 चे 24,000. जुन्या योजनेत सर्वसाधारण कुटुंब निवृत्तीवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतं, म्हणजे 80,000 चे तेवढेच 24,000. रक्कम सारखीच आहे, फरक आहे तो ती कुणाला मिळते यात. जुन्या नियमांत पती किंवा पत्नीनंतर पात्र मुलं आणि ठरावीक परिस्थितीत आईवडीलही येतात. एकीकृत योजनेत निवृत्तीच्या दिवशी कायदेशीर असलेली पत्नी किंवा पती, एवढंच. अविवाहित किंवा एकटे पालक असलेले, दिव्यांग अपत्य असलेले शिक्षक तुमच्या तालुक्यात नक्की असतील. त्यांच्यासाठी हे कलम बाकी सगळ्यापेक्षा मोठं आहे.

याशिवाय अंशराशीकरण. जुन्या पेन्शनमध्ये पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि 15 वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. एकीकृत योजनेत पूर्ण झालेल्या दर सहामाहीला वेतन अधिक महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा एकरकमी मिळतो. 80,000 वर महागाई भत्ता 50 टक्के धरला तर 1,20,000 चा दहावा हिस्सा 12,000, आणि 25 वर्षांच्या 50 सहामाहींचे 6 लाख. आणि जुन्या योजनेत नव्या वेतन आयोगाबरोबर पेन्शन फेरनिश्चित होत आली आहे. एकीकृत योजनेत महागाई वाढ आहे, तशा फेरनिश्चितीची हमी नाही.

हे सगळं वाचून एनपीएस तशीच ठेवावी असा निष्कर्ष काढू नका. एनपीएसमध्ये निवृत्तीला 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात येते आणि किमान 40 टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे त्या रकमेवर ठरावीक पेन्शन देणारी योजना, घ्यावी लागते. समजा, 1 कोटी जमले. 60 लाख हातात, 40 लाखांच्या वार्षिकीवर 6 टक्क्यांनी महिन्याला 20,000. ते 20,000 महागाईबरोबर वाढत नाहीत. पंधरा वर्षांनी त्यांत काय येईल याचा विचार करा. दुसऱ्या बाजूला, दीर्घ सेवा आणि मोठी संचित रक्कम असलेल्या शिक्षकाला ते 60 लाख सोडणंही सोपं नाही. ज्या योजनेचा विकल्प देताय तिच्यात ही रक्कम काढता येते का, काढली तर पेन्शन किती घटते, हे कलम तुमच्या शासन निर्णयात शोधून त्यावर पेन्सिलने खूण करा.

आता संघटनेकडे वळू. तडजोड कोणत्या टेबलावर झाली हे आधी शोधा. तालुकाध्यक्षांवर ओरडणारे सभासद बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर ओरडत असतात. राज्यपातळीवर बोलणी समन्वय समिती करते. तिच्यात सभासद म्हणून संघटना असतात, शिक्षक थेट नसतात. त्या टेबलावर तुमच्या संघटनेचा एक प्रतिनिधी बसला होता. म्हणून ‘समितीने आम्हाला विकलं’ अशा घोषणेला कुणी उत्तर देत नाही आणि द्यायला बांधीलही नाही. ‘आपल्या संघटनेच्या प्रतिनिधीने त्या बैठकीत काय मत मांडलं, आणि तसं मत मांडण्याचा ठराव राज्य कार्यकारिणीत कोणत्या तारखेला झाला?’ या प्रश्नाला तुमच्या राज्याध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं.

बैठकीत काय झालं हे नेत्यांच्या तोंडून ऐकण्याची वाट बघू नका. तुमची संघटना माहिती अधिकाराखाली येत नसली तरी मंत्रालय येतं. वित्त विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा. राज्याच्या पोर्टलवर घरबसल्याही होतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत असावा लागतो, हा नियम विसरल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात. ‘मागणी का मान्य केली नाही’ असं विचारू नका, कारण ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा: ‘अमुक तारखेला कर्मचारी संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर झालेल्या बैठकीचे इतिवृत्त, उपस्थितांची यादी आणि संघटनांनी दिलेल्या निवेदनांच्या प्रती.’ 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. आपल्या नेत्यांनी लेखी काय मागितलं आणि भाषणात काय सांगितलं यांतलं अंतर या कागदांवरून कळतं. कधी कधी नेत्यांनी खरोखर नेटाने भांडल्याचंही कळतं. तेही सभासदांपुढे ठेवा.

दरम्यान संघटनेची घटना मिळवा. पदाधिकारी देत नसतील तर वाद घालत बसू नका. राज्यातल्या बऱ्याच शिक्षक संघटना 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत. पावतीपुस्तकावर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो. तो घेऊन धर्मादाय कार्यालयात घटनेच्या आणि शेवटच्या मंजूर बदल अर्जाच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. कामगार संघटना म्हणून नोंदणी असेल तर कागद कामगार विभागाच्या निबंधकाकडे मिळतील. बदल अर्ज कशाला? कागदावर पदाधिकारी कोण आहेत ते त्यातून दिसतं. व्यासपीठावर बसलेले आणि नोंदीवर असलेले अध्यक्ष वेगळे निघण्याचे प्रकार होतात, आणि मग सगळ्या वादाचं स्वरूपच बदलतं.

घटना हातात आली की चार गोष्टी काढा: विशेष सर्वसाधारण सभा मागायला किती सभासदांच्या सह्या लागतात, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते, गणपूर्ती किती आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला ती लागते की नाही, आणि अध्यक्षांनी मागणीवर सभा बोलावलीच नाही तर मागणी करणाऱ्यांना ती बोलावता येते का. ही शेवटची बाब वाचल्याशिवाय सह्यांची मोहीम सुरू करू नका.

सह्यांच्या मोहिमा कुठे बुडतात तेही सांगतो. नुसती सही घेतली जाते, तिच्यापुढे पूर्ण नाव, शाळा, सभासद क्रमांक आणि पावती क्रमांक नसतो. छाननीत निम्म्या सह्या ‘ओळख पटत नाही’ किंवा ‘थकबाकीदार’ म्हणून बाद होतात. म्हणून पाच रकान्यांचा तक्ता करा आणि लागतात त्यापेक्षा किमान दीडपट सह्या घ्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणीचा पूर्ण मजकूर छापा, नाहीतर ‘आम्ही वेगळ्याच कागदावर सही केली होती’ असं दबावाखाली म्हणणारे निघतात. व्हॉट्सअॅपवरचे अंगठे आणि गूगल फॉर्म सह्यांच्या जागी चालणार नाहीत. मागणीपत्र अध्यक्ष आणि सचिव दोघांनाही द्या: समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि शिवाय स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

सभेपुढचा विषय ‘निषेध’ ठेवू नका. निषेधाचा ठराव मंजूर झाला तरी दुसऱ्या दिवशी कुणाला काहीच करावं लागत नाही. अविश्वासाचा ठरावही आधी आणू नका. त्याला सहसा जास्त बहुमत लागतं, काठावरचे सभासद बिचकतात, आणि तो फेटाळला गेला की नेत्यांना वर्षभर ‘सभागृहाने आमच्यावर विश्वास दाखवला’ म्हणता येतं. ठराव असे हवेत की ते पाळले की नाही हे तारीख बघून सांगता यावं. नमुना देतो, तुमच्या घटनेप्रमाणे शब्द बदला:

‘ही सभा ठरविते की, निवृत्तीवेतनाविषयी शासनाबरोबर झालेल्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त व संघटनेने दिलेले प्रत्येक निवेदन 15 दिवसांत सर्व तालुका शाखांना लेखी देण्यात यावे.’

‘यापुढे जुन्या निवृत्तीवेतनाच्या मागणीत बदल अथवा घट करावयाची असल्यास किंवा आंदोलन मागे घ्यावयाचे असल्यास, त्यापूर्वी तालुकानिहाय गुप्त मतदान घ्यावे व निकाल तालुकानिहाय जाहीर करावा.’

‘शासनाशी बोलणी करणाऱ्या शिष्टमंडळात संघटनेतर्फे किमान निम्मे प्रतिनिधी 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेले असावेत.’

‘विकल्प घेण्यापूर्वी प्रत्येक सभासदाच्या डीसीपीएस व एनपीएस खात्याचा महिनानिहाय ताळमेळ शासनाने लेखी द्यावा, तसेच शिक्षणसेवक कालावधी सेवेत धरावा, ही मागणी संघटनेने तातडीने करावी.’

तिसऱ्या ठरावाविषयी थोडं स्पष्ट बोलायला हवं. आजचे बरेच ज्येष्ठ पदाधिकारी 2005 पूर्वी लागलेले आहेत. त्यांची जुनी पेन्शन सुरक्षित आहे. ते मुद्दाम दगा देतात असं कुणी म्हणू नये. त्यांतल्या अनेकांनी संपात आपलाही पगार घालवला. पण रात्री दोन वाजता सरकार ‘हे घ्या, नाहीतर बोलणी संपली’ म्हणतं, तेव्हा ज्याच्या स्वतःच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे तो आणि ज्याचा नाही तो, हे दोघे वेगळं वजन टाकतात. तो त्यांच्या स्वभावाचा दोष नाही, पण शिष्टमंडळ निवडताना ही गोष्ट धरूनच चालावं. सभेत हा ठराव मांडणाऱ्याने कुणाचंही नाव न घेता मांडावा. नाव घेतलंत की चर्चा पेन्शनवरून त्या माणसाच्या मानापमानावर जाईल आणि तिथून परत येणार नाही.

सभेत ठराव सूचक आणि अनुमोदकाच्या नावानिशी लेखी द्या. माईक काढून घेतला तरी लेखी ठराव सचिवाच्या हातात असतो. ‘आवाजी मतदानाने मंजूर’ असं घाईने पुकारलं तर तिथल्या तिथे उभं राहून मतमोजणी मागा. घरी जाऊन मागितली तर तिला अर्थ नाही. आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि नोंदवला की नाही ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी वाचा. सभेचं निवेदन वर्तमानपत्रांना देण्याची घाई टाळा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत. शासनाच्या धोरणावरची तिखट पोस्ट तुमच्या नावाने फिरली तर तिचा उपयोग तुमच्यावरच होऊ शकतो. संघटनेचा ठराव संघटनेच्या लेटरहेडवर जाऊ द्या.

रीतसर मागणी करूनही सभा घेतलीच नाही, तर घटनेत मुभा असेल तिथे मागणीदारांनी सभा बोलवावी, आणि सूचना प्रत्येक सभासदाला पोहोचल्याचा पुरावा ठेवावा. विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदणी असेल तर कलम 41अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात. सभेतून नवी कार्यकारिणी निवडली गेलीच, तर कलम 22 प्रमाणे बदल अर्ज 90 दिवसांत दाखल करा. तो राहून जातो, मग दोन्ही गट स्वतःला खरी संघटना म्हणवतात, बँक खातं गोठतं आणि सरकार दोघांशीही बोलत नाही.

वेगळी संघटना काढण्याविषयी आमचं मत कडक आहे: आत्ता नको. नव्या संघटनेला मान्यता, शासनाच्या बैठकीचं निमंत्रण आणि समन्वय समितीतली जागा मिळायला वर्षं जातात, आणि विकल्पाची मुदत त्यासाठी थांबत नाही. जुन्या संघटनेतच 2005 नंतरच्या सभासदांचा गट उभा करा, त्याला नाव द्या, पण स्वतंत्र पावतीपुस्तक छापू नका. पैशांचा वेगळा हिशेब सुरू झाला की फूट पडलीच म्हणून समजा. आणखी एक सांभाळा: अनेक जिल्ह्यांत संघटनेतले गट शिक्षकांच्या पतसंस्थेच्या निवडणुकीतही आमनेसामने असतात. पेन्शनच्या सह्यांचा तक्ता पॅनेलच्या प्रचारकाच्या हातात गेला, की समोरच्या पॅनेलचे सभासद मुद्दा पटूनही सही करणार नाहीत. सह्या गोळा करायला पतसंस्थेच्या राजकारणात नसलेली माणसं निवडा.

आता तुमचा स्वतःचा विकल्प. प्रानचं, म्हणजे तुमच्या एनपीएस खात्याचं, विवरण काढून 2012 पासूनचा प्रत्येक महिना पगारपत्रकाशी जुळवा; प्रत्येक महिन्यात तुमचे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के दिसले पाहिजेत आणि समोर सरकारचा हिस्सा. डीसीपीएसच्या काळासाठी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडून हिशेबाची चिठ्ठी घ्या. गाळलेल्या महिन्यांची यादी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि आवक क्रमांक घ्या. मॅडमनी याबरोबरच शिक्षणसेवक म्हणून नेमणुकीचा आदेश, नियमित केल्याचा आदेश आणि सेवापुस्तकातल्या सेवा पडताळणीच्या नोंदी यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. त्यांचं सगळं गणित त्या तीन वर्षांवर उभं आहे. तालुक्यात कुणाची भरतीची जाहिरातच 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची असेल तर त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी 2 फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय, जाहिरातीची प्रत आणि निवड यादी घेऊन स्वतंत्र सल्ला घ्यावा आणि या विकल्पाच्या गर्दीत सही करू नये.

विकल्पाची मुदत सभेच्या तारखेआधी संपत असेल तर सभेची वाट बघू नका. आकड्यांवरून काय बरं ते ठरवा आणि मुदतीत अर्ज द्या किंवा देऊ नका, पण तो निर्णय तुमचा असू द्या. अर्जातला ‘हा विकल्प अंतिम राहील’ अशा अर्थाचा हमीचा मजकूर दोनदा वाचा. अर्जावरच ‘निषेध नोंदवून’ किंवा ‘अटीसह’ असं काही खरडू नका. सशर्त विकल्प अपूर्ण म्हणून परत येण्याचा धोका असतो, आणि तोवर मुदत निघून जाते. गाळलेल्या वर्गणीची दुरुस्ती, शिक्षणसेवक कालावधी आणि जुन्या पेन्शनची मागणी यांवरचे आपले हक्क राखून ठेवत असल्याचं पत्र वेगळ्या कागदावर लिहा, अर्जाबरोबर द्या आणि दोन्हींवर वेगवेगळी पोच घ्या.